इमारतीतले घर: उंबऱ्याच्या आतले आणि बाहेरचे

आपण लिहिले आहे की आजवरचे आयुष्य साताऱ्याच्या बैठ्या घरात गेले, आता नोकरी आणि मुलीची शाळा यांसाठी पुण्यात कायमचे यायचे आहे आणि सोबत पंचाहत्तरीच्या आई असतील. दोन घरे आपण पाहून ठेवली आहेत. एक कोथरूडमध्ये, पस्तीस वर्षांच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दुसरे सूसमध्ये, बावीस मजली नव्या संकुलात सोळाव्या मजल्यावर. इमारतीत राहण्याचे फायदे-तोटे काय, हा आपला प्रश्न. मी स्थापत्य अभियंता आहे, आणि गेली सव्वीस वर्षे पुण्यातल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी व दुरुस्ती हेच माझे काम आहे. शिवाय मी स्वतः चाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीत राहतो आणि सहा वर्षे तिचा सचिव होतो, त्यामुळे तक्रार करणारा आणि तक्रार ऐकून घेणारा अशा दोन्ही भूमिका माझ्या वाट्याला आल्या आहेत.

बैठ्या घरातून येणाऱ्या माणसाला आधी मालकीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. साताऱ्याच्या घराचे छप्पर गळले तर आपण गवंडी बोलावत होता, पाण्याची टाकी कधी धुवायची ते आपण ठरवत होता, आणि अंगणातल्या झाडाबद्दल कोणाला विचारावे लागत नव्हते. फ्लॅटमध्ये खऱ्या अर्थाने आपल्या एकट्याचे असते ते रंगकाम, फरशी आणि ओटा; जमीन, पाया, कॉलम, गच्ची, जिना, जमिनीखालची टाकी, ड्रेनेजची लाइन आणि कुंपणाची भिंत हे सगळे सामायिक असते. घर पाहायला जाणारी मंडळी मात्र तीन तासांतले पावणेतीन तास उंबऱ्याच्या आत घालवतात. माझ्याकडे आजवर जी प्रकरणे आली त्यांतली फारच थोडी उंबऱ्याच्या आत सुरू झाली होती. इमारतीत राहण्याचे फायदेही याच सामायिकपणातून येतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहितो.

सामायिक राहणे पुण्याला नवे नाही. पेठांतल्या वाड्यांमध्ये एक चौक, एक हौद आणि दहा-बारा बिऱ्हाडे अशी व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांची दैना झाली, त्यानंतर शहर नव्या वसाहतींकडे सरकले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या. आपण पाहिलेली पहिली इमारत त्याच घराण्यातली आहे. वाड्यात मालक एक असे आणि बाकीचे भाडेकरू. इमारतीत सगळेच मालक असतात, आणि सोयीचे व त्रासाचे मूळ त्यातच आहे.

आपल्या आईंच्या दृष्टीने पाहिले तर इमारतीसारखे घर नाही, असे मी म्हणेन. बैठ्या घरात म्हातारे माणूस दिवसभर एकटे राहिले तर दुपारी घसरून पडल्याचे संध्याकाळी कळते. इमारतीत समोरचे दार पाच फुटांवर असते, दूधवाला, कामाच्या मावशी, वॉचमन यांची ये-जा असते, आणि रोज साडेपाचला बाकावर येणाऱ्या आजी एक दिवस आल्या नाहीत तर कोणीतरी बेल वाजवून चौकशी करते. मुलीला खेळायला सवंगडी शोधत रस्ता ओलांडावा लागत नाही. कुलूप लावून महिनाभर गावी जाता येते. शहराच्या मध्याजवळ स्वतंत्र जागा घेऊन घर बांधणे नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले आहे. जमिनीची किंमत चाळीस घरांत वाटली गेल्यामुळेच आपल्याला शाळेजवळ राहता येते. सोसायटीने सौर यंत्रणा बसवली, पावसाचे पाणी बोअरमध्ये सोडले, गांडूळखत केले, तर खर्च वाटला जातो आणि महानगरपालिका मिळकतकरात सवलतही देते. एकट्या घराला हे सारे करणे जमत नाही.

आता तोट्यांकडे वळतो. आवाज, कमी उजेड, पार्किंगवरून भांडणे, हे आपल्याला कोणीही सांगेल. आवाजाबद्दल एवढेच सांगतो की हल्लीच्या सहा इंची किंवा त्याहून कमी जाडीच्या भिंतींतून शेजारचे बोलणे ऐकू येते आणि वरच्या मजल्यावरची ओढलेली खुर्ची त्याहून जास्त ऐकू येते. त्यावर उपाय खुर्चीच्या पायांना रबर लावण्याचा आणि वरच्यांशी आधीपासून गोडीने राहण्याचा. पार्किंगबद्दलही एक गोष्ट ठाऊक असू द्या: खुल्या जागेतले किंवा इमारतीखालच्या खांबांमधले पार्किंग बिल्डरला फ्लॅटखेरीज स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे. जुन्या फ्लॅटचा मालक 'पार्किंगसह' असे सांगत असेल, तर ते सोसायटीने सभेत वाटप करून दिले आहे का, हे कागदावर पाहावे.

खरा त्रास पाण्याचा, म्हणजे नको तिथे येणाऱ्या आणि हवे तिथे न येणाऱ्या पाण्याचा. आधी गळतीबद्दल लिहितो. पुण्यात पावसाळी वारे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, त्यामुळे इमारतीची पश्चिम भिंत जून ते सप्टेंबर मार खाते, आणि त्याच भिंतीवर लोकांनी बाल्कनी आत घेऊन खोली वाढवलेली असली तर जुन्या व नव्या बांधकामाच्या सांध्यातून पाणी हमखास आत येते. शेवटच्या मजल्यावर गच्चीचा कोबा, म्हणजे वरचा पाणी अडवणारा थर, जुना झाला की छताला ओल धरते. गच्ची सामायिक असल्यामुळे ती दुरुस्त करणे सोसायटीचे काम असते, पण ज्यांच्या घरात गळत नाही त्या तीस घरांना त्या खर्चाची घाई नसते. बाहेरच्या पाइपांची आणि गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि वरच्या फ्लॅटच्या न्हाणीतून खाली येणारी गळती वरच्या सभासदाने, असे आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सरकारने ठरवून दिलेल्या नमुना नियमांनुसार, साधारण ठरलेले आहे. पण पाणी नेमके कुठून येते हेच सिद्ध करायला महिने जातात. आमच्याच इमारतीत, माझ्याच घरात, वरच्यांच्या न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे सांडपाणी निघण्याच्या जमिनीतल्या तोंडातून, झिरपणारे पाणी माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर उतरत होते. मी या विषयातला जाणकार, पायऱ्या चढून वर जायला अर्धे मिनिट लागते, तरी ते दुरुस्त व्हायला चौदा महिने लागले, कारण फरशी उखडायची तर त्यांच्याकडचे लग्न आधी पार पडायचे होते. बैठ्या घरात हा प्रश्न उद्भवत नाही.

जुनी इमारत पाहताना एक खूण सांगतो, तिला कोणतेही यंत्र लागत नाही. इमारतीच्या मागे जाऊन डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या अरुंद मोकळ्या जागेत, वर पाहावे. पाइपांच्या सांध्याशी किंवा भिंतीच्या भेगेत पिंपळाचे रोप उगवलेले दिसले, तर त्या जागी बारमाही ओल आहे आणि कमिटीने बऱ्याच काळात मान वर करून पाहिलेले नाही, या दोन गोष्टी एकदम कळतात. त्यानंतर खालच्या पार्किंगमधले कॉलम आणि बीम पाहावेत; उभी, सरळ, सळईच्या रेषेत गेलेली भेग आणि फुगलेले प्लास्टर म्हणजे आतले लोखंड गंजत असल्याची शक्यता. गंजलेल्या लोखंडाला जागा जास्त लागते, ते काँक्रीटला बाहेर ढकलते, आणि वरून नवा रंग दिल्याने ते थांबत नाही. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. कोथरूडची इमारत पस्तीस वर्षांची आहे, म्हणजे गेल्या तीन वर्षांतला अहवाल असायला हवा. तो मागावा, आणि 'आहे, पण सापडत नाही' हे उत्तर 'नाही' असे समजावे.

आता हव्या असलेल्या पाण्याकडे येतो. शहराच्या जुन्या भागांना खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी महापालिकेमार्फत मिळते, आणि उन्हाळ्यातली कपात सोडली तर कोथरूडकरांना पाण्याची फारशी आठवण ठेवावी लागत नाही. सूस मात्र २०२१ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक. अशा भागांत इमारती आधी आल्या आणि जलवाहिन्या मागून येत आहेत, तोवर टँकर आणि बोअर यांवर भिस्त असते. हिशेब सोपा आहे: माणशी दिवसाला १३५ लिटर हा सर्वमान्य निकष धरला तर चार माणसांच्या घराला ५४० लिटर आणि शंभर घरांना ५४,००० लिटर पाणी रोज लागते. टँकर साधारण दहा हजार लिटरचा, म्हणजे नळाला काहीच नसेल तर रोज पाच-सहा टँकर. हा खर्च जाहिरातीत कुठेच नसतो, तो मेंटेनन्सच्या बिलात येतो आणि उन्हाळ्यात फुगतो. म्हणून बिल्डरच्या कार्यालयात पाण्याबद्दल विचारण्याऐवजी तिथे आधीच राहायला आलेल्या एखाद्या कुटुंबाकडे एप्रिल आणि मे या दोन महिन्यांची बिले पाहायला मागावीत. टँकरच्या पाण्यात क्लोरीन किती आहे हे कोण आणि किती वेळा तपासते, हेही विचारावे. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्याच्या स्रोतांवरच संशय गेला होता, आणि त्यानंतर अनेक सोसायट्यांना आपली टाकी शेवटची कधी धुतली हे शोधावे लागले.

पैशांच्या बाबतीत लोक मासिक मेंटेनन्स किती एवढेच विचारतात, आणि तो कमी असला की खूश होतात. मला कमी मेंटेनन्सची भीती वाटते. आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी राखलेल्या निधीत) आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवेत. उदाहरणादाखल फ्लॅटचा बांधकाम खर्च वीस लाख धरला, तर वर्षाला ५,००० आणि १५,००० असे वीस हजार रुपये होतात. चाळीस फ्लॅटचे मिळून वर्षाला आठ लाख. दहा वर्षे हे शिस्तीने जमा झाले तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पाइप बदलणे, बाहेरचा रंग हे सारे कोणापुढे हात न पसरता होते. प्रत्यक्षात मी ज्या सोसायट्यांत गेलो त्यांतल्या बहुतेक जागी झाडलोट, वॉचमन आणि वीजबिल भागेल एवढीच वर्गणी घेतलेली असते. मग एके वर्षी प्रत्येकी दीड-दोन लाखांची मागणी निघते, निवृत्त सभासद हतबल होतात, परदेशी असलेले उत्तर देत नाहीत, आणि दुरुस्ती आणखी तीन पावसाळे लांबते. कमी मेंटेनन्स घेणाऱ्या सोसायटीत आधीच्या लोकांनी वाचवलेले पैसे नंतर येणाऱ्याला भरावे लागतात. फ्लॅट घेण्याआधी गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले ताळेबंद मागावेत आणि त्यांत या दोन निधींच्या रकमा ठेवींच्या रूपात दिसतात का, एवढेच पाहावे.

याच ओघात एक खास पुणेरी घोळ सांगतो. इथल्या पुष्कळ इमारती सहकारी सोसायट्या नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या 'अपार्टमेंट' आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि बोलताना दोन्हींना सोसायटीच म्हणतात. सोसायटीत जमीन-इमारतीची मालकी संस्थेची आणि आपण तिचे सभासद. अपार्टमेंटमध्ये प्रत्येकाच्या नावे अपार्टमेंटचा दस्त आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा. खर्च वाटण्याची पद्धतही वेगळी: सोसायटीत सेवाशुल्क सर्वांना समान, आणि लिफ्टचा खर्च तळमजल्यावरच्यालाही; अपार्टमेंटमध्ये घोषणापत्रात (इमारतीच्या नोंदणीकृत मूळ दस्तात) ठरलेल्या हिश्श्याच्या टक्केवारीने. मोठा फ्लॅट घेणाऱ्याने आणि लहान फ्लॅट घेणाऱ्याने हे आधी समजून घेतले असते, तर माझ्या पाहण्यातल्या निम्म्या वार्षिक सभा वेळेत संपल्या असत्या. इमारत सोसायटीची असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी दस्ताने सोपवणे, संस्थेच्या नावे झाले आहे का, हा पहिला प्रश्न. मालमत्ता पत्रकावर अजून मूळ मालकाचे किंवा बिल्डरचेच नाव असेल, तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी ते निस्तरावे लागते. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळले तर सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याची, सोय आहे, पण त्यासाठी धावपळ करणारा एक चिकाटीचा सभासद लागतो, आणि अनुभव असा की तो नवीन आलेला माणूस ठरतो.

माणसांबद्दल थोडे लिहितो. कमिटीतले लोक पगारी नसतात. नोकरी, संसार सांभाळून ते टाकीचा पंप आणि वॉचमनची रजा यांच्यामागे असतात आणि बदल्यात बोलणी खातात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, ती दरवर्षी होते का आणि इतिवृत्त लिहिले जाते का, यावरून सोसायटीचा स्वभाव कळतो. कुत्रा पाळणे, घर भाड्याने देणे, गणपतीची वर्गणी, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे या प्रत्येक बाबतीत कोणाचे तरी मत असणारच; बैठ्या घराच्या स्वातंत्र्याची सवय असलेल्याला पहिली दोन वर्षे हे जड जाते. पुढेमागे फ्लॅट भाड्याने दिलात, तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे लक्षात असू द्या, कारण मागणारे बरेचदा जास्त मागतात.

उंच इमारतीचा प्रश्न वेगळा आहे. सोळाव्या मजल्यावर वारा आहे, डास कमी आहेत, रस्त्याचा आवाजही बेताचा आहे. पण तिथले सारे जगणे लिफ्ट, पंप आणि जनरेटर या तीन यंत्रांवर उभे आहे. संकुलात किमान दोन लिफ्ट आहेत का, वीज गेल्यावर त्यांतली निदान एक जनरेटरवर चालते का, तिची वार्षिक देखभाल कोणाकडे आहे, हे पाहावे. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, ते मागावे, आणि जमले तर जिन्यातल्या हायड्रंटची (आग विझवण्याच्या नळाची) पेटी स्वतः उघडून आत पाइप आहे का पाहावे. मला ती पेटी झाडू ठेवण्यासाठी वापरलेली अनेकदा आढळली आहे. नव्या इमारतीच्या बाजूने सांगायचे तर, रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो विनामोबदला दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची असते, आणि किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, सांगावी लागते. भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेला फ्लॅट घेतल्यास जीएसटीही लागत नाही. ते पत्र नसेल, तर नमुना फ्लॅट कितीही सुंदर असो, माघारी फिरावे.

आता आपल्या दोन घरांबद्दल. कोथरूडचा तिसरा मजला आईंसाठी मी नाकारेन. पंचाहत्तरीत तीन मजले चढणारी माणसे मी पाहिली आहेत, पण गुडघ्याने एकदा नकार दिला की ती घरातच अडकतात, आणि इमारतीचा सर्वांत मोठा फायदा, म्हणजे खालचा बाक, त्यांच्यापुरता संपतो. 'लवकरच पुनर्विकास होणार, मग लिफ्ट येईल' असे दलाल सांगेल. पुनर्विकासाला २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी असली, तरी निर्णयापासून नव्या घराच्या किल्लीपर्यंत बरीच वर्षे जातात, आणि त्यांतली दोन-तीन तरी भाड्याच्या घरात काढावी लागतात. आईंच्या वयाला ही स्थलांतरे सोपी नाहीत. सूसमधले घर मी सरसकट नाकारणार नाही, पण मेच्या बिलातला टँकरचा आकडा पाहिल्याशिवाय आणि मुलीच्या शाळेच्या वेळेला एकदा तो रस्ता स्वतः गाडीने पार केल्याशिवाय टोकन देऊ नये.

माझ्या मते आपण तिसरे घर शोधावे: कोथरूड-कर्वेनगर याच पट्ट्यात, पहिल्या मजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या इमारतीत, क्षेत्रफळ थोडे कमी झाले तरी चालेल. ते पाहायला जुलैत, पाऊस चालू असताना, सकाळी सातच्या सुमारास जावे. त्या वेळी पाणी सुटलेले असते, मुले शाळेला निघालेली असतात, पश्चिम भिंत भिजलेली असते आणि वॉचमन बोलायला मोकळा असतो. पंप किती वेळा बंद पडतो आणि कोणाच्या घरात कोणती बादली लावून ठेवली आहे, हे त्याला सचिवापेक्षा जास्त माहीत असते.